पारंपरिक धनुष्य: नॉकिंग पॉइंट आणि बाण जुळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या सरावाला येणारी नवी मंडळी पहिल्या महिन्यात बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात. बाण डावीकडे का जातो, शेपूट हलवत का जातो, दोरीवरची ती गाठ नेमकी कुठे बांधायची. तोंडी उत्तर दिलं की पुढच्या रविवारी विसरलेलं असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

इथलं सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट धरावं. धनुष्य म्हणजे रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) किंवा लाँगबो (लांब, साध्या बाकाचं), साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसलेलं, बोटांनी ओढायचं आणि बाण थेट शेल्फवर टेकवायचं. शेल्फ म्हणजे मुठीच्या वर कापलेली छोटी पायरी. मापं इंचात आणि सुतात दिली आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, हा सुतारकामातला हिशोब या कामाला फार सोयीचा पडतो.

ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

बाण धनुष्यातून सुटताना सरळ सुटला पाहिजे, एवढंच. सुटतानाच तो तिरका असेल तर मागची पिसं त्याला हळूहळू सरळ करतात, पण त्यात वेग जातो आणि बाणागणिक फरक पडतो. पिसं चूक झाकतात, दुरुस्त करत नाहीत. चूक उघडी पाडायची असेल तर पिसं काढून बाण मारावा लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवात कशापासून करू? बाण बदलू की दोरी?

क्रम ठरलेला आहे: आधी ब्रेस हाइट (दोरी आणि मुठीतलं अंतर), मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाणाची जागा ठरवणारी गाठ, आणि त्यानंतरच बाणाचा कडकपणा.

बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात. बाण नीट जात नाही म्हटलं की आधी बाणांवर पैसे घालतात. पण नॉकिंग पॉइंट चुकीचा असेल तर बाणाची शेपूट शेल्फवर आपटते, आपटलेली शेपूट वरही उडते आणि बाजूलाही, आणि मग बाण कडक आहे की मऊ हे तुम्हाला कधीच नीट कळत नाही. दोरीवरची गाठ फुकटात हलते, बाण फुकटात मिळत नाहीत. म्हणून गाठ आधी.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्रेस हाइटही वाढवली, गाठही हलवली, पुढचं टोकही बदललं, तर फरक कशाने पडला हे कळायला काही मार्ग उरत नाही.

ब्रेस हाइट किती ठेवायची?

दोरी चढवलेल्या धनुष्यात मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. ६० ते ६२ इंची रिकर्व्हला साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच, लाँगबोला सहा ते साडेसात. बनवणाऱ्याने धनुष्यावर किंवा सोबतच्या कागदावर आकडा दिला असेल तर तोच धरा.

दोरीला पीळ दिला की ती आखडते आणि ब्रेस हाइट वाढते, पीळ सोडला की उतरते. सांगितलेल्या आकड्यांपैकी खालच्यापासून सुरू करा, चार-पाच पीळ द्या, सहा बाण मारा, ऐका. धनुष्याचा आवाज कमी होऊन हाताला बसणारा झटका मऊ होतो अशी एक जागा सापडते. तिथे थांबा. कानाने ठरवण्याची ही पद्धत कच्ची वाटते, पण ती जागा एकदा ऐकू आली की पुन्हा चुकत नाही.

नॉकिंग पॉइंट मोजायचा कसा? माझ्याकडे बो स्क्वेअर (दोरीवर लावायचा मापाचा काटकोन) नाही.

सुताराचा छोटा गुण्या असेल तर तो चालतो. तोही नसेल तर जाड पुठ्ठ्याचा अचूक काटकोन कापा. धनुष्यावर दोरी चढवलेली हवी. एक बाजू दोरीला चिकटवा, दुसरी आडवी बाजू बाणासारखी शेल्फवर टेकवा. आडव्या बाजूची खालची कड दोरीला जिथे मिळते ती तुमची शून्याची रेघ. तिथे पेनने बारीक खूण करा.

गाठीची खालची कड या शून्याच्या वर किती आहे, तो तुमचा आकडा. शेल्फवरून मारणाऱ्याने, एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरत असेल तर, पाच सुतांपासून सुरुवात करावी. बाणाची खाच, म्हणजे नॉक, या गाठीच्या खाली बसते. नॉकची स्वतःची जाडी वजा जाता बाणाची शेपूट शेल्फच्या पातळीपेक्षा जेमतेमच वर राहते. बहुतेकांचा मुक्काम शेवटी तीन ते पाच सुतांच्या दरम्यान होतो.

पण शून्यावरच का नाही? बाण अगदी काटकोनात असायला हवा ना?

कागदावर तसंच वाटतं. प्रत्यक्षात बाण धनुष्याच्या बरोबर मध्यातून जात नाही. मध्य तुमच्या मुठीत असतो, बाण त्याच्या वरून जातो. दोरीवर बोटंही एक वर, दोन खाली अशी असमान असतात. सुटताना शेपटीला खाली जाण्याची ओढ लागते. बाण तंतोतंत काटकोनात ठेवला तर मागची पिसं आणि नॉक शेल्फला घासतात. थोडी उंची दिली की शेपूट घासल्याशिवाय निघून जाते.

तुमच्या शेल्फवरच्या चामड्याकडे बघा. पुढच्या बाजूला बाण टेकतो तिथे झिजणं साहजिक आहे. मागच्या कडेला, तुमच्या बाजूला, चकचकीत घासलेला पट्टा दिसत असेल तर शेपूट आपटते आहे. खात्री करायची तर पिसांवर टाल्कम पावडर चोळून एक बाण मारा आणि शेल्फवर पांढरं कुठे उमटलं ते पाहा.

गाठ कशी बांधायची? पितळी कडी चालणार नाही का?

चालते. पितळी कडी पकडीने दाबून बसवतात, दोन मिनिटांचं काम. पण जास्त दाबली तर दोरीवरचं सर्व्हिंग, म्हणजे मध्यभागी गुंडाळलेला संरक्षक दोरा, कापलं जातं, वजनही दोऱ्याच्या गाठीपेक्षा जास्त, आणि जागा बदलायची म्हटलं की पुन्हा पकड शोधा. मी दोऱ्याचीच गाठ सुचवेन. ती एकदा हाताला बसली की कडीकडे पुन्हा वळावंसं वाटत नाही.

सर्व्हिंगचाच दोरा घ्या, नाहीतर औषधाच्या दुकानात मिळणारा मेण लावलेला दात साफ करायचा फ्लॉस. दीड फूट पुरतो. दोऱ्याचा मध्य खुणेवर, दोरीच्या मागच्या बाजूला ठेवा, दोन्ही टोकं पुढे आणा आणि अर्धी गाठ मारून घट्ट ओढा. टोकं मागे न्या, मागे अर्धी गाठ. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीला लगटून वर चढत गेली पाहिजे. सहा-सात जोड्या झाल्या की ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा कडक मणी तयार होतो. शेवटी दुहेरी गाठ मारून टोकं कापा.

लगेच गोंद लावू नका. असा मणी सर्व्हिंगच्या पिळावरून नटासारखा फिरतो. एका दिशेने फिरवला की वर सरकतो, दुसऱ्या दिशेने खाली. पूर्ण ट्यूनिंग होईपर्यंत हीच त्याची मोठी सोय आहे. जागा पक्की झाली की फेविक्विकचा एक थेंब टाचणीच्या टोकाने मण्यावर सोडा. टोकं जाळायला लायटर मात्र जवळ आणू नका. दोरीचा धागा उष्णतेने वितळतो आणि वितळलेला धागा बाहेरून दिसतही नाही.

एक गाठ पुरे की दोन?

दोन बांधा. गाठ फक्त वर असेल तर सुटताना नॉक दोरीवर खाली सरकू शकतो, विशेषतः तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यांच्या बाबतीत. खाली दुसरी गाठ असली की नॉकला जागा सोडता येत नाही.

दोन गाठींमध्ये नॉक अगदी आवळून बसवू नका. पूर्ण ताणात दोरीचा कोन तीव्र होतो आणि मधली जागा आवळली जाते. नॉक बसवल्यावर अर्धा सूत ढिलाई राहू द्या.

तिन्ही बोटं बाणाखाली धरतो. माझा आकडा वेगळा असेल का?

हो, जास्त. पाच-सहा सुतांपासून सुरू करा. दोरीवरचा सगळा दाब बाणाच्या खाली गेल्याने खालच्या लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या लवणाऱ्या खालच्या भागावर, जास्त भार येतो आणि शेपटीचा प्रवास बदलतो. ज्यांच्या धनुष्यात लिंब बोल्टने जुळवता येतात त्यांनी टिलर, म्हणजे दोन्ही लिंबच्या मुळापासून दोरीपर्यंतची अंतरं, सारखी करावीत. एक वर-दोन खाली पद्धतीत वरचं अंतर एक ते दोन सूत जास्त ठेवतात. एकसंध धनुष्यात टिलर बदलता येत नाही, तिथे गाठीची उंचीच ते भरून काढते.

नॉक दोरीवर किती घट्ट बसावा?

बाण नॉकवर लटकत ठेवा, टोक जमिनीकडे. तो आपोआप पडता कामा नये. दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. घट्ट नॉक दोरीला सोडत नाही आणि दर बाणाला वेगळं वागतो. सैल नॉक त्याहून वाईट: ऐन ताणात बाण निसटला तर धनुष्य रिकामं सुटतं, लिंब तडकू शकतात आणि हाताला इजा होऊ शकते. तडा गेलेला नॉक दिसला की तिथल्या तिथे काढून टाका.

बिनपिसांचा बाण मारायचा म्हणजे काय करायचं?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकसारखे पाच-सहा बाण घ्या. त्यांतल्या दोनांची पिसं काढा आणि पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळा, म्हणजे मागचं वजन तेच राहील. बाकीचे पिसांसह. दहा मीटरवर उभे राहा. टार्गेटच्या मागे बाण अडवणारा मोठा बॅकस्टॉप हवा, आजूबाजूला कोणी नको. बिनपिसांचा बाण वाट्टेल तिकडे जाऊ शकतो, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवर किंवा गल्लीत हे अजिबात करू नका.

आधी पिसांचे तीन बाण मारा, मग बिनपिसांचे दोन, त्याच ठिकाणी नेम धरून. एका फेरीवर काही ठरवू नका. चार-पाच फेऱ्यांत सारखंच दिसलं तरच ते खरं.

आता वाचायचं कसं. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या वर लागत असतील तर गाठ खाली आहे, वर न्या. खाली लागत असतील तर गाठ वर आहे, खाली आणा. एका वेळी अर्धाच सूत. डावीकडे लागत असतील तर बाण कडक, उजवीकडे तर मऊ. आधी वर-खाली पूर्ण मिटवा. ते मिटेपर्यंत डाव्या-उजव्याकडे बघूही नका.

तुलना नेहमी या दोन गटांमधलीच करायची. सगळेच बाण, पिसांचे आणि बिनपिसांचे, डावीकडे एकत्र लागत असतील तर तो तुमच्या नेमाचा किंवा दोरी सोडण्याचा प्रश्न आहे, बाणांचा नाही.

बाण टार्गेटमध्ये कुठल्या कोनात रुतला यावर फार भिस्त ठेवू नका. गवताच्या पेंढीत आणि थरांच्या फोममध्ये बाण आत शिरताना वळतो. कुठे लागला हे बघा. दहा मीटरवर जुळलं की अठरा मीटरवर जा, तिथे उरलेली चूक मोठी होऊन दिसते.

बिनपिसांचा बाण खाली लागतो म्हणून गाठ खाली आणली, तर अजूनच खाली लागायला लागला!

हा फसवा निकाल आहे. यात माझा अख्खा पावसाळा गेला आहे. माझे बिनपिसांचे बाण शेपूट वर करून खाली लागायचे. नियमाप्रमाणे मी गाठ खाली आणली, मग आणखी खाली. दर खेपेला चित्र बिघडत गेलं. शेवटी शेल्फवरच्या चामड्याची मागची कड बोटाने चाचपली, तर ती काचेसारखी गुळगुळीत झाली होती. गाठ मुळातच खाली होती. शेपूट शेल्फवर आपटून वर उसळत होती आणि दिसायला मात्र गाठ वर असल्यासारखं दिसत होतं.

म्हणून वरून सुरू करायचं. पाच-सहा सुतांवर गाठ ठेवली तर शेपूट आपटण्याचा संभव कमी, निकाल खरा. तिथून अर्ध्या-अर्ध्या सुताने खाली उतरा आणि बाण जुळले की थांबा. खालून वर जाणाऱ्याला ही फसगत हमखास भेटते.

स्पाइनचे, म्हणजे बाणाच्या कडकपणाचे, आकडे कसे वाचायचे? ५०० मोठा की ६००?

कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या बाणांना आकडा असा देतात: बाण २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मध्ये १.९४ पौंड वजन टांगायचं आणि तो किती लवला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच लवला तर ५००. म्हणजे आकडा जितका लहान, बाण तितका कडक. ५०० कडक, ६०० त्याहून मऊ.

लाकडी बाणांची मोजणी जुनी आणि वेगळी. टेकू २६ इंचांवर, वजन दोन पौंड, आणि २६ ला लवण्याच्या इंचांनी भागायचं. ०.५२ इंच लवला तर ५० पौंडांचा बाण. इथे मोठा आकडा म्हणजे कडक. दोन्ही पद्धती डोक्यात एकत्र केल्या की हमखास घोटाळा होतो.

ही झाली बाणाची टेबलावरची मोजणी. सुटताना तो किती लवेल हे लांबी, पुढच्या टोकाचं वजन, धनुष्याचा ताण आणि शेल्फची बाजू किती आत कापली आहे या सगळ्यावर ठरतं. सुरुवात म्हणून २८ इंचांपर्यंत ओढायला ३५ पौंड जोर लागणाऱ्या रिकर्व्हला ६००, ४५ पौंडांना ५००, पूर्ण लांबीचा बाण घ्या. पुढचं काम बिनपिसांचा बाण सांगेल.

बाण लवतो हे खरं आहे? डोळ्यांना तर सरळ दिसतो.

खरं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रण करून ते दाखवलं. बोटांवरून दोरी सुटताना बाजूला सरकते, बाण आधी एकीकडे, मग दुसरीकडे लवतो आणि धनुष्याच्या मुठीला जणू वळसा घालून निघतो. लवणं हा दोष नाही, नेमकं तेवढंच लवणारा बाण शोधणं हे आपलं काम. कमी लवला तर मूठ त्याला डावीकडे ढकलते, जास्त लवला तर तो उजवीकडे जातो.

माझे बाण डावीकडेच जातात. दुकानदार म्हणाला होता, ४० पौंडांना हेच लागतात.

माझाही पहिला डझन असाच आला होता. दुकानात ‘चाळीस पौंडांचे’ म्हणून दिले, घरी दोन महिने मी स्वतःचा दोरी सोडण्याचा दोष शोधत बसलो. खरं म्हणजे ते बाण माझ्या धनुष्याला फारच कडक होते. शिवाय धनुष्यावर ४० लिहिलं होतं तरी माझ्या हातात ते चाळीस नव्हतंच.

धनुष्यावरचा आकडा २८ इंच ताणासाठी असतो. तुमचा ताण २६ इंच असेल तर दर इंचामागे दोन ते तीन पौंड कमी धरा. म्हणजे ४० चं धनुष्य तुमच्या हातात ३५ च्या आसपास. विमानतळावर बॅग मोजायला वापरतात तसला हुकाचा काटा दोरीत अडकवून, स्वतःच्या ताणापर्यंत ओढून, खरा आकडा बघून घ्या. बाण विकत घेण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करा.

बाण कडक निघाले तर पुढचं टोक जड करा. १०० ग्रेनच्या (सुमारे साडेसहा ग्रॅम) जागी १२५, मग १५०. शेल्फच्या बाजूची, बाण जिला टेकतो ती पट्टी जाड असेल तर पातळ करा, बाण मध्याच्या जवळ येतो. तरी जमेना तर एक पायरी मऊ शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी. लांबी वाढवता येत नाही, म्हणूनच नवा बाण कधीही पूर्ण लांबीचा घ्यावा.

आणि उजवीकडे जात असतील तर?

तुम्ही नशीबवान आहात, कारण मऊ बाण कापून कडक करता येतो. एका वेळी पाव इंच, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा दहा मीटरवर. पूर्ण ताणात टोक शेल्फच्या पुढे किमान इंचभर राहिलंच पाहिजे. टोक शेल्फच्या मागे आलं तर बाण हातात घुसतो. कापायला नको असेल तर टोक हलकं करा किंवा बाजूच्या पट्टीखाली चामड्याचा पातळ तुकडा घालून ती थोडी बाहेर आणा.

कार्बन शाफ्ट घरी हॅक्सॉने कापू का?

नाही. करवतीच्या दात्यांनी तंतू फाटतात. वेगाने फिरणारी अब्रेझिव्ह चकती लागते, आणि तोंडावर मास्क, कारण कार्बनची धूळ फुप्फुसांना वाईट. आणखी एक सवय लावून घ्या: प्रत्येक सरावाआधी प्रत्येक कार्बन बाण कानाजवळ धरून हलका वाकवा आणि पिळा. कटकट आवाज आला किंवा नखाला तडा लागला तर तो बाण मोडून टाका. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याचे काटे मूठ धरलेल्या हातात शिरतात.

बाण हलका घेतला तर वेग वाढेल ना?

वाढेल, पण धनुष्याच्या आयुष्यातून. पारंपरिक धनुष्याला दर पौंडामागे आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण धरा. ४० पौंडांना नऊच्या हिशोबाने ३६० ग्रेन, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. सोनाराच्या छोट्या काट्यावर सहज मोजता येतो. डझनातले बाण एकमेकांपासून दहा ग्रेनपेक्षा जास्त वेगळे नसावेत.

पिसांऐवजी प्लॅस्टिकची व्हेन लावलेले बाण स्वस्त मिळतात. चालतील?

शेल्फवरून नाही. प्लॅस्टिक दबत नाही, शेल्फवरून जाताना बाणाला उडवतं. खरी पिसं दबतात आणि निघून जातात. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं.

पावसात पिसं चिकटून बसली. फेकून देऊ?

मुळीच नको. चहाच्या आधणाच्या वाफेवर धरा. बाण बोटांत फिरवत पिसं वाफेत न्या, दहा-पंधरा सेकंदांत चपटं पडलेलं पीस स्वतःहून उभं राहायला लागतं, जणू कोणी फुंकर घातली. तुटलेलं पीस मात्र परत येत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर भाता घरातही उघडा आणि आडवा ठेवा, ओल्या कापडी पिशवीत कोंबू नका. लाकडी बाण ओलीने वाकतात, त्यांना मऊ आचेवर गरम करून हाताने सरळ करता येतं.

मी बांबूचं धनुष्य आणि बांबूचे बाण वापरतो. हे सगळं लागू आहे का?

आपल्याकडे अनेकांची सुरुवात बांबूच्याच धनुष्यावर होते, राष्ट्रीय पातळीवर इंडियन राउंड हा त्याचा स्वतंत्र प्रकार आहे. तत्त्व तेच लागू. फरक बाणांत आहे. बांबूच्या दोन काड्या एकसारख्या नसतात, पेरांची जागा वेगळी, जाडी वेगळी. म्हणून आधी बाण निवडा, मग ट्यून करा. टेकूंवर ठेवून वजन टांगायचं साधं फळकूट घरी करा, पंचवीस-तीस काड्या मोजा आणि जवळजवळ सारख्या लवणाऱ्या आठ-दहा बाजूला काढा. प्रत्येक काडी थोडी फिरवून दुसऱ्या बाजूनेही मोजा. जी बाजू कडक, ती धनुष्याकडे यावी अशी खाच कापा. लाकडी बाणातही कडांचे रेषे धनुष्याला भिडतील अशीच खाच हवी.

कंपाऊंडचे, म्हणजे चाकं-कप्प्या असलेल्या धनुष्याचे, व्हिडिओ बघून केलं, जमलं नाही.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचे ओजस देवतळे आणि साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी कंपाऊंडमध्ये सुवर्णपदकं जिंकली आणि आपल्याकडे तिरंदाजीला नवी माणसं आली, याचा मला फार आनंद आहे. पण कंपाऊंडमध्ये दोरी बोटांनी नाही, रिलीजच्या यंत्राने सुटते. बाण बाजूला फारसा लवत नाही, बाण टेकवायची रेस्टही वेगळी. त्यामुळे तिथली गाठीची मापं आणि कागद फाडून बघायची चाचणी इथे जशीच्या तशी लावू नका. बोटांनी सोडलेला बाण दोन मीटरवरच्या कागदातून जाताना लवलेलाच असतो आणि त्याची फाट दिशाभूल करते.

नवीन दोरी लावली आणि सगळं बिघडलं.

नवी दोरी ताणते. डॅक्रॉनची (ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) तर उन्हाळ्यात जास्तच, विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी जुळवलेली ब्रेस हाइट दुपारी उतरलेली सापडते. पन्नास ते शंभर बाण मारून दोरी बसू द्या, पीळ देऊन ब्रेस हाइट जागेवर आणा आणि त्यानंतरच गाठ मोजा. ब्रेस हाइट बदलली की गाठीचा आकडाही तपासावा लागतो. जुन्या धनुष्याला डॅक्रॉनच लावा. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी फक्त तेव्हाच, जेव्हा बनवणाऱ्याने लिंबची टोकं त्यासाठी मजबूत केली आहेत असं सांगितलं असेल. आणि बंद गाडीत धनुष्य ठेवून जेवायला जाऊ नका.

मला अजून गटच बांधता येत नाही. ट्यूनिंग करू का?

दहा मीटरवर सहा बाण जेवणाच्या ताटात बसत नसतील तर बिनपिसांच्या बाणाचा निकाल तुम्हाला वाचता येणार नाही. ब्रेस हाइट लावा, गाठ पाच सुतांवर बांधा आणि तीन महिने मारत राहा. वरचं बोट नॉकला दाबू नका, मध्ये एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. बाण शेल्फवरून आपोआप उचलला जातो अशी तक्रार बहुतेक वेळा या दाबण्यानेच असते.

किती बारीक जुळवायचं? थांबायचं कधी?

अठरा मीटरवर बिनपिसांचे बाण पिसांच्या गटापासून वीतभर अंतरात आले की थांबा. थोडे खाली लागले तर मी ते चालवून घेतो, कारण गाठ किंचित वर असणं आपटण्यापेक्षा बरं. त्यापुढची बारकाई हातातल्या फरकात बुडून जाते.

थांबलात की त्याच दिवशी वहीत लिहा: ब्रेस हाइट, गाठ किती सुतांवर, दोरीला किती पीळ, बाणाची लांबी, टोकाचं वजन. सुटी दोरीही तितकेच पीळ देऊन, त्याच जागी मणी बांधून, शंभर बाण मारून भात्याच्या खिशात ठेवा. स्पर्धेच्या मैदानावर दोरी तुटली की गुण्या काढायला वेळ नसतो.